बिनमालकाच्या कुत्र्याचा दंड

आमच्या गल्लीत पेव्हिंग ब्लॉक बसले आन् सगळी भानगड सुरू झाली. त्याआधी मातीचा रस्ता व्हता. मातीत काय पडलंय, कुणी टाकलंय, ह्याची चौकशी कुणी करत न्हवतं. कोंबड्या व्हत्या, शेळ्या व्हत्या, म्हशी व्हत्या, त्यात एक कुत्रं. पण लाल-पिवळे ब्लॉक बसले आन् दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर कुत्र्यानं बरोब्बर मधोमध, पिवळ्या ब्लॉकवर, आपला कार्यक्रम उरकल्याला. जसं काय उद्घाटन त्याच्याच हस्ते ठरलं व्हतं.

मग ग्रामसभेत ठराव झाला. रस्त्यावर कुत्र्यानं घाण केली की मालकाला दंड. शाळेच्या भिंतीम्होरं बोर्ड लागला, निळ्यावर पांढरी अक्षरं, चांगला टोलेजंग. त्या बोर्डाची दुपारी मस्त सावली पडायची. त्या सावलीत कोण झोपायचं? आमचं कुत्रं.

आता "आमचं" म्हणलं, तर तिथंच खरी गोम हाय. त्याला मालकच न्हवता. रात्रीला त्ये आमच्या ओट्यावर झोपायचं. सकाळी आबांच्या दारात. दुपारी चाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात, टेम्पोखाली. आई त्याला मोत्या म्हणायची, चाचा शेरू म्हणायचे, शाळेतली पोरं टायगर म्हणायची. नाव कुठलंबी घ्या, हातात भाकरी दिसली की यायचं. भाकरी नसली की मान वळवून दुसरीकडं बघायचं, जसं काय आपुन उधारी मागायला आलोय.

मी रांजणगावला कंपनीत हाय. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस मला फाट्यावर सोडती. तिथनं घर लांब हाय, मधी उसाचं रान, आन् रानात काय काय असतंय त्ये पेपरात येतंयच. फाट्यावर मला न्यायला हेच कुत्रं येतं. घरचं कुणी येत न्हाई. मला सगळ्यांचे आवाज काढायची खोड, म्हणून आई म्हणती, "तू बिबट्याचा आवाज काढ की, बिबट्याच पळून जाईल." म्हणून कुत्रं गल्लीत राहणं ही माझी गरज व्हती, उगं प्रेमबिम न्हवं. बरं, थोडं प्रेमबी.

आबा म्हंजी आमच्या समोरचे. एस.टी.त कंडक्टर व्हते, सगळी नोकरी शिरूर-दौंड गाडीवर. रिटायर झाले, पण गाडीतनं काय उतरले न्हाईत. देवळात आरतीला गर्दी झाली की म्हणणार, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय!" लग्नात पंगतीला बसले की, "ओ पाव्हणं, पिशवी मांडीवर घ्या." आबांचा आवाज काढायला मी पाचवीत असल्यापासनं शिकलोय. भिंतीआडनं मी "चहा टाक गं" म्हणलं की आजी चहा टाकायच्या. मग खरे आबा बाहेरनं येऊन चहा मागायचे, आजी म्हणायच्या, "आत्ता तर सांगितलं, किती येळा सांगता?" आन् दोघांची जुंपायची. चहा मातर मला मिळायचा.

तर झालं असं. आबांच्या नातीला बघायला दौंडचे पाव्हणे आले. मुलाचा बाप रेल्वेतनं रिटायर, पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. गाडीतनं उतरले आन् तिसऱ्या पावलाला त्यांचा बूट नेमका पडायला नको तिथं पडला. पाय सटकला. आबा स्वागताला हात जोडून उभेच व्हते, पाव्हणे थेट त्यांच्या गळ्यात. बघणाऱ्यांना वाटलं, काय प्रेम हाय दोन्हीकडनं! कुणीतरी फोटोबी काढला. त्यो फोटो ग्रुपवर आला, खाली हात जोडल्याली चित्रं.

पाव्हणे बिचारे सभ्य. बूट धुतले, चहा-पोहे घेतले, पोरगी पसंत हाय म्हणून दुसऱ्या दिवशी फोनबी केला. पण जाताना गाडीत बसता बसता एवढंच बोलले, "गाव झकास हाय तुमचं. फक्त जरा खाली बघून चालावं लागतंय."

हे वाक्य आबांना लागलं. आयुष्यभर त्यांच्या गाडीत कुणी शेंगांची टरफलं टाकायची हिंमत केली न्हवती. त्याच सांजच्याला आबांनी तंटामुक्ती समितीकडं अर्ज टाकला. मालक शोधा, दंड करा. मालक सापडत नसंल तर कुत्रं पोत्यात घाला आन् नदीच्या पल्याड, दौंडाकडं नेऊन सोडा.

आजी म्हणल्या, "आवं, पाव्हण्यांचा होकार आलाय, आता कशाला?"

आबा म्हणले, "फाडलेलं तिकीट मी कवा परत घेतलंय का?"

बैठक मारुतीच्या देवळाम्होरं बसली. समितीचे अध्यक्ष आप्पा, म्हंजी गावातले मोठे बागायतदार. पाण्याच्या पाळीवरनं भावाभावांची डोकी फुटायची येळ आली तवा ह्यांनीच मिटवलं व्हतं. आता म्होरं कुत्र्याचं प्रकरण बघून त्यांना हसू येत व्हतं, पण अध्यक्षानं हसायचं नसतं म्हणून मिशीत दाबत व्हते. चाचांचा टेम्पो म्होरं उभा व्हता, कारण मालक न सापडल्यास त्याच टेम्पोतनं कुत्रं जायचं व्हतं. आबांनी पोतंबी आणलं व्हतं. स्वच्छ धुतल्यालं. कुत्रं आरोपी म्हणून चाफ्याखाली आडवं पडलं व्हतं, पाय ताणून.

आप्पा म्हणले, "हां. ह्या कुत्र्याचा मालक कोण, त्यानं हात वर करावा."

गल्लीतली सगळी माणसं एकदम चपलांकडं बघाया लागली.

माझा हात वर चालला व्हता, खरंच. पण आईनं मधीच धरून खाली ओढला. कानात म्हणली, "गप बस. एकदा मालक झालास की जन्मभर निस्तरत बसशील. तालुक्यात कुठंबी कुणी घाण केली तरी पावती आपल्या दारात येईल."

आप्पा चाचांकडं वळले. "चाचा, दुपारभर तुमच्या टेम्पोखाली असतंय की."

चाचा म्हणले, "टेम्पोखाली तर ऑईलबी सांडतंय आप्पा, म्हणून मी काय पेट्रोल पंपाचा मालक झालो का? आन् हे बघा, मी मोबाईलवर वाचलंय. कुत्रं उचलून दुसऱ्या गावात सोडता येत न्हाई. कायदा हाय. मी टेम्पो आणलाय, पण डिझेल टाकलं न्हाई."

"कायदा असंल," आबा कडाडले, "पण माझ्या दारात पाव्हणा पडला तवा कायदा कुठं गेल्ता?"

"तुमच्या गळ्यात पडला व्हता आबा. दारात कुठं?"

मंडळी हसली. आबा तांबडेलाल.

मग आप्पांनी तोड काढली. आमच्याकडं जनावराचा वाद झाला की जुनी रीत हाय. शेळी कुणाची, कोकरू कुणाचं असा प्रश्न आला की दोन्ही घरच्यांनी लांब उभं राहून हाक मारायची, जनावर ज्याच्याकडं जाईल त्याचं. आप्पा म्हणले, "आपुन तेच करू. एकेकानं येऊन बोलवायचं. हातात भाकरी न्हाई, बिस्कीट न्हाई. नुस्ता आवाज. ज्याच्या आवाजाला कुत्रं उठंल त्यो मालक, त्यानं दंड भरायचा. कुणाच्याच आवाजाला उठलं न्हाई तर बिनमालकाचं, मग पोतं."

मी आधी पोत्याकडं बघितलं. कारण हाक मारायला उभा राहणारा प्रत्येकजण कुत्रं येऊ नये म्हणूनच हाक मारणार, हे उघड व्हतं. आन् तसंच झालं. आई गेली आन् असं "मोत्या" म्हणली की शेजारच्या बाईलाबी ऐकू आलं न्हाई. चाचा गेले आन् "शेरू" म्हणले, पण तोंड टेम्पोकडं करून. शाळेतली पोरं मातर बोंबलली, "टायगर! टायगर!" कुत्र्यानं एक डोळा उघडला, रिकामे हात बघितले आन् मिटला. मी गेलो. मी जीव तोडून बोलावलं. शीळ घातली, फाट्यावरची, नेहमीची. त्यानं शेपटी एकदा आपटली, बास. दुपारचं ऊन, पोट भरल्यालं, चाफ्याची सावली. मी त्याच्या जागी असतो तर मीबी उठलो नसतो.

आबांनी पोत्याचं तोंड सोडाया घेतलं.

आप्पा म्हणले, "थांबा. आबा, तुमीबी बोलवा की. गल्लीत तुमचं घरबी हाय."

"मी?" आबा म्हणले. "मी फिर्यादी हाय! मी त्याला हाकलायचंच काम केलंय. माझा आवाज ऐकला की त्ये शिरूरपातूर पळंल. मी न्हाई बोलवत."

आन् तेवढ्यात कुणीतरी मागनं ओरडलं, माझ्याकडं बोट करून, "आबांच्या वतीनं ह्याला बोलवू द्या! ह्याचा आवाज काय आन् आबांचा काय, एकच."

सगळे, "व्हय व्हय! काढ रं आबा!"

आप्पा म्हणले, "आबांची हरकत न्हाई ना?"

आबा छातीवर हाताची घडी घालून म्हणले, "काढू दे. मी काय म्हणतो त्ये सगळ्या गल्लीनं रोज ऐकलंय."

ही गोष्ट खरी व्हती. रोज सकाळी, मी अजून अंथरुणात असतो तवा, समोरच्या ओट्यावरनं आबांचा आवाज येतोच. कुत्र्याला प्यासेंजर समजून. मी उठून उभा राहिलो, कमरेवर हात ठिवला, गळा जरा बसवला, आन् आबा ज्या रागानं ओरडतात त्याच रागानं ओरडलो:

"ए! उतर! उतर खाली! किती येळ बसतोस फुकटात! शेवटचा स्टॉप आलाय, चल उतर!"

कुत्र्याचे दोन्ही कान उभे राहिले. त्ये उठलं. अंग झाडलं, म्होरचे पाय ताणून आळस दिला, आन् शेपटी अशी हलवत आलं की मागचं सगळं धूड डावीउजवीकडं झुलत व्हतं. माझ्याजवळ आलं, मला हुंगलं. आवाज बरोबर, पण माणूस चुकीचा. मग त्यानं मान वळवली, आबा दिसले, आन् त्ये सरळ जाऊन आबांच्या पायाशी बसलं. तोंड वर करून, जीभ बाहेर काढून. आन् उजवा पंजा उचलून आबांच्या धोतरावर ठिवला.

मंडळी एकदा कुत्र्याकडं, एकदा आबांकडं बघाया लागली.

आजी पदर तोंडाला लावून म्हणल्या, "अगं बाई! तरी म्हणलं, महिन्याला एवढा टोस लागतो कुणाला? मला म्हणतात, दात दुखतोय, चहात बुडवून खातोय."

"टोस?" आप्पा म्हणले.

"रोज सकाळी चहाबरूबर. मी आतनं ऐकते, हे बाहेर ओरडत असतात, उतर, उतर म्हणून. मला वाटायचं, काय बाई हाकलतात त्या मुक्या जिवाला!"

म्हंजी असं व्हतं. आबा रोज गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, आन् ओरडता ओरडता चहात बुडवल्याला टोस हळूच खाली सोडायचे. कुत्र्याला वाटलं, "शेवटचा स्टॉप" म्हंजी नाष्टा. त्याचं काय चुकलं?

आबांनी पंजा काय धोतरावरनं काढला न्हाई. मग घसा खाकरून म्हणले, "दुधाचा चहा हाय म्हणून देतो. वाया कशाला घालवायचा."

चाचा म्हणले, "आबा, बधाई हो! घर में नया मेहमान!" आन् मग जी माणसं हसली, ती आप्पांसकट. आप्पांच्या डोळ्यातनं पाणी आलं, मिशी काय हसू अडवायला पुरी पडंना.

निकाल झाला. आबाच फिर्यादी, आबाच मालक, आबांनीच दंड भरला. चाचा म्हणले, आपुन वर्गणी काढू, गल्लीचं कुत्रं हाय. आई आता लगीच म्हणली, "व्हय, आमचाबी वाटा घ्या, आमच्या ओट्यावर झोपतं." एवढा येळ चपलांकडं बघणारी सगळी माणसं आता कुत्रं आपलं म्हणाया लागली. पण आबांनी कुणाला खिशात हात घालू दिला न्हाई. म्हणले, "मालक मी हाय. निकाल ऐकला न्हाई का?" आन् त्यांच्या आवाजात मला जरा ऐट वाटली. जरा न्हाई, चांगलीच.

पोतं त्यांनी घडी घालून बगलेत मारलं. कुत्रं त्यांच्या मागं मागं निघालं, पार घरापातूर.

दुसऱ्या दिवशी आबा शिरूरला जाऊन लाल पट्टा घेऊन आले, घुंगरू असल्याला. आन् तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत जी मिरवणूक निघाली, ती बघायला मी अंथरुणातनं उठून ओट्यावर आलो. म्होरं कुत्रं, मागं आबा. एका हातात पट्ट्याची दोरी, दुसऱ्या हातात खुरपं आन् पत्र्याचा डबा. सगळी गल्ली दारात उभी. चाचा दुकानाचं शटर अर्धं वर करून वाकून बघतायत. आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून आल्याली.

कुत्रं पिवळ्या ब्लॉकजवळ आलं. थांबलं. हुंगलं. एक चक्कर मारली. आबा खालच्या आवाजात म्हणले, "हितं न्हाई हां. पुढं सरक. मधी जागा हाय." कुत्र्यानं त्यांच्याकडं बघितलं, विचार केला, आन् पुढं सरकलं. ब्लॉक संपले, गल्ली संपली, घाणेरीच्या झुडपामागं गेलं आन् तिथं निवांत बसलं.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. चाचांनी शिट्टी मारली. मीबी मारली.

आबा झुडपाशी डबा घेऊन उभे व्हते. मागं वळले आन् म्हणले, "टाळ्या काय वाजवताय? तुमच्या घरात कोण बसत न्हाई का?"