आईने पूजलेला कॅमेरा

माझ्या हातून आजवर एकच चांगला फोटो निघाला, आणि तोही आईने बिघडवलेला.

मिलला कुलूप लागलं त्या साली माझ्या डोक्यात भूत शिरलं की इंदूरच्या मिलवाल्यांचं 'वास्तव' टिपायचं. (बाबांच्या जिवावर दोन वेळा जेवणं हे माझं वास्तव, ते मी टिपत नव्हतो!) बाबा त्याच मिलच्या विणकाम खात्यात होते. दसऱ्याला चौकीदार पूजेपुरतं खातं उघडणार होता, नंतर सगळे लूम भंगारात. माझ्याकडे कधी काही न मागणारे बाबा म्हणाले, "माझ्या लूमबरोबर एक फोटो काढ रे. पुन्हा तो दिसायचा नाही."

खात्यात शिरलो. ज्या खडखडाटामुळे बाबा घरीसुद्धा ओरडून बोलत, तो खडखडाटच नव्हता. एवढं मोठं खातं, प्रत्येक लूमला झेंडूचा हार, आणि शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून त्याचा माणूस. एक भिया (म्हणजे इंदुरी 'भैया') तर लूमला समजावत होते, "चल बाई, अब आराम कर." बाबांनी आपल्या लूमवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. तरी कलावंत गप्प बसतो होय!

"बाबा, हसू नका. वास्तव पाहिजे."

"हसतंय कोण?"

बडा गणपतीच्या देवळाजवळच्या स्टुडिओवाल्याने रोल धुतला आणि विचारलं, "कैमरे में भाप घुस गई क्या?" सगळ्या फोटोंवर धुकं! कॅमेरा उलटा करून पाहिला, तर काचेवर फासलेलं कुंकू आणि वर चिकटलेली एक अक्षत. (बघायची खिडकी वेगळी, त्यामुळे मला सगळं लख्ख दिसत होतं.)

घरी आई शांतपणे भाजी निवडत होती. दसऱ्याच्या सकाळी तिने विळी पूजली, शिलाई मशीन पूजली आणि माझं हत्यार म्हणून कॅमेरा. झाकण काढून, पूजा करून, झाकण परत लावून ठेवलं होतं.

"आई, अगं काचेला कुंकू लावतं का कोणी?"

"मग काय झाकणाची पूजा करू?"

तसाच सायकल दामटत मिलकडे सुटलो. गेटातून लूम भरलेला ट्रक बाहेर पडत होता. बापाने जन्मात एक गोष्ट मागितली आणि मी तिची माती केली.

रात्री धीर झाला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो बाबांपुढे ठेवला आणि लांब उभा राहिलो. खिडक्यांचा उजेड विरघळून बाबांभोवती, लूमभोवती पसरला होता. बाबांनी फोटो उचलून दारातल्या उजेडात धरला. मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"मिल चालू असताना हवेत कापसाची रुई उडायची. तिच्यात ऊन आलं की अस्संच दिसायचं रे. तुला कसं जमलं?"

"जमवलं," मी म्हणालो.

पण आठवड्याभरात आईकडून सगळ्या कॉलनीला कळलं. तेव्हापासून कुणी फोटो काढायला बोलावलं की आधी बजावतात, "भिया, बटन आप दबा देना, पर कैमरा माताजी से पुजवा के लाना."