थाप कुठे द्यायची

माझ्या मावशीला कुठलाही शब्द अख्खा गिळवत नसे. जन्मभर नागपूरला पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई. शब्द दिसला की त्याचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यागणिक टेबलावर एक टिचकी. सहा महिन्यांसाठी ती अमेरिकेत, शिकागोजवळ नेपरव्हिलला माझ्याकडे आली, तेव्हा माझ्या डायनिंग टेबलाचं काही खरं नव्हतं.

शेजारी एक इटालियन आजोबा एकटे राहत. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्लिश पार पुसलं गेलं आणि इटालियनही नुसतं घशातच घुमायचं. त्यांची मुलगी तिकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून येऊन त्यांना केअर होममध्ये ठेवणार होती. तिने विचारल्यावर त्यांनी होकाराची मान हलवली म्हणे. मावशी उसळली. "हलवली की हलली? दारात उभे राहून रडतात ते, मी बघते ना रोज. त्यांना बोलतं करायचं."

"तुला इटालियन येतं का, मावशी?"

"पहिलीतल्या पोरांना तरी काय येत असतं?"

लायब्ररीतून पुस्तक आलं. दोन सारखी व्यंजनं आली की मधून तोडायचं, 'नोत्-ते', म्हणजे रात्र. जोर बहुतेक शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. तिथे मावशीने टिचकीऐवजी थाप ठरवली. बर्फ असो नसो, दहा वाजता माझे स्नो बूट घालून बाई शेजारी हजर.

एकदा 'तेलेफोनो' म्हणताना तिने नियमाप्रमाणे 'फो'वर थाप दिली. आजोबांनी डोळे वटारले, तिचा हात धरला आणि 'ले'वर आपटला. ती घरी आली ती हरखूनच. "अगं, मलाच शिकवलं त्यांनी. डोकं शाबूत आहे, जीभ तेवढी रुसलीये."

मग एकच वाक्य घोटलं, 'रेस्तो आ कासा', मी घरीच राहणार. 'रे'वर थाप, 'का'वर थाप. आजोबा चिडून कप फेकत. मावशी कप उचलून म्हणे, "पुन्हा."

मुलगी केअर होमचे कागद घेऊन आली त्या दिवशी आम्ही दोघी तिथे होतो. तिने विचारलं. आजोबा घामाघूम झाले. मावशीने दोन्ही हात शालीत कोंडून घेतले. "त्यांचं त्यांना म्हणू दे," ती पुटपुटली. बराच वेळ गेला. मग टेबलावर दोन थापा पडल्या आणि वाक्य आलं, वेडंवाकडं, पण पुरं. मुलगी रडायलाच लागली. "बाबा, मला वाटलं तुम्ही हो म्हणताय." कागद सही न होता परत गेले.

एअरपोर्टवर मावशी मला म्हणाली, "माझी वेळ आली की मलाही विचारून ठरव हं." तिला मूलबाळ नव्हतं, मीच काय ती.

गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं. सगळे म्हणाले, तिला आता काय कळतंय, वृद्धाश्रमात ठेव. मी रजा टाकून नागपूरला गेले, उशाशी बसले आणि विचारलं. उत्तर यायला फार वेळ लागला. मी थांबले. शेवटी मावशी गेली ती तिच्या स्वतःच्या घरातच.