सुनेचं पिस्तूल, सासूचं खोबरेल

नेमबाजीच्या जुन्या पिस्तुलांचे भाव ठरवणं हा माझा धंदा. घाटकोपरला माझा लांबलचक गाळा आहे, मागच्या भिंतीवर कागदी निशाण लावलेलं. मी काशीराम परब, गिरणीतल्या फिटरचा फिटर मुलगा. मी भाव सांगितला की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, कारण माझ्या मालवणी तोंडाला लागायची कुणाची हौस नसते. खारदांड्याच्या सरूबाई मात्र आल्या त्याच मुळी कंबर कसून.

सोबत मुलगा विकी आणि सून नमिता. सरूबाई म्हणजे पस्तीस वर्षं मासळी विकलेली बाई. नवरा गेल्यावर बोट विकायला सांगणाऱ्या दोन दिरांना तिनं दारातूनच परतवलं होतं. हे मला विकीनंच बसल्या बसल्या कौतुकानं सांगितलं आणि मग डबा टेबलावर ठेवला. आत दहा मीटरवर मारायचं हवेचं पिस्तूल होतं.

"मुलगा झाल्यापासून सहा वर्षं कपाटात पडलंय," तो म्हणाला. "हिने हात पण नाही लावला. बोटीला इंजिन घ्यायचंय, काय येतील बोला."

नमिता खाली बघत होती. लग्नाआधी याच पिस्तुलानं ती राज्य स्पर्धेत खेळली होती. नाव मला आठवत होतं.

आमच्या धंद्यात भाव वरून खाली येतो. नव्याची किंमत धरायची आणि एकेक दोष वजा करत जायचं. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षं झाली की ते बाद. हे झालंच होतं. मी पंधरा हजार कापले.

"बाटला बदलायचे पंधरा हजार? लुटतोस काय रे दादा?" सरूबाई म्हणाल्या.

"मावशी, हा तुमच्या गॅसचा बाटला नाही."

लाकडी मूठ कानशीनं घासून, खाचांत पुट्टी भरून नमिताच्या तळव्याला बेतलेली होती. दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसणार नाही, असं सांगून मी आणखी वीस हजार कापले.

"माज्या सुनेच्या हाताची हाय म्हणून भाव कमी? उलटाच न्याय हाय तुज्याकडं!"

मग मी पिस्तूल खोललं. चापाच्या आजूबाजूला चिकट, लालपिवळा लगदा साचला होता आणि खोबरेलाचा वास येत होता. माझं डोकंच फिरलं.

"कुणी केलं हे? याला खोबरेल लावतात?"

विकीनं बायकोकडे पाहिलं. तिलाही काही कळेना. सरूबाईंनी पदर खोचला.

"मी केलं. खाऱ्या वाऱ्यात कोयता दोन दिवसांत गंजतो. त्याला दर आठवड्याला तेलाचा हात फिरवते, तसा याला पण फिरवला. दसऱ्याला हळद-कुंकू वाहिलं. हत्यार हाय ना?"

"वाट लावलीत मावशी!"

"लावली तर लावली. गंज कुठं हाय ते दाखव."

मी हट्टानं शोधला. गंज कुठेच नव्हता.

तासभर खपून मी ते साफ केलं. शेवटचा आकडा सांगण्याआधी पाच गोळ्या मारून बघाव्या लागतात. मूठ माझ्या हातात बसेना, म्हणून माझ्याकडचं चालू सिलिंडर लावून नमिताला उभं केलं. पहिली गोळी कागदाच्या कडेला लागली. दुसरी, तिसरी खाली, चौथी त्याहून खाली. पाचवी कशीबशी मधल्या काळ्या गोलात गेली.

"पिस्तूल बरोबर आहे, काका," ती म्हणाली. "माझा हातच गेलाय." तिचे डोळे भरून आले होते.

"मग विकून टाकू ना," विकी म्हणाला. "उगाच कशाला जीव जाळायचा?" तो हे अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

"गप रे!" सरूबाई कडाडल्या. "पयल्यांदा बोट घेऊन गेलास तवा काय आणलंस? चार बोंबील आन् फाटकी जाळी. मी विकली काय बोट?"

"राहू द्या, आई," नमिता म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता, पुरे आता, पोर सांभाळ."

सरूबाईंचा चेहरा उतरला, आवाज मात्र तसूभरही उतरला नाही. "बोलले होते. चुकले मी. दुसऱ्याच दिवशी कळलं चुकले."

"मग सहा वर्षं सांगितलं का नाहीत?"

"जल्मात कुणापुढं माघार घेतली नाय, सुनेपुढं कशी घेऊ? म्हणून तेल लावत बसले." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पोराला मी बघीन. मी बाजारात असले तर हा त्याचा बापूस बघेल. इंजिनाचं आमचं आम्ही बघू. तुजा भाव तुज्याकडंच ठेव."

भाव सांगायला उघडलेलं तोंड मी मिटलं. विकी काहीतरी बोलणार होता. नमितानं दंडाला डोळे पुसले, गोळ्यांची डबी पुढे ओढली आणि कुणालाच न विचारता सहावी गोळी भरली.