एक नंबरच्या भट्टीला पिल्लं

“ओ सायेब, हिकडं या! तुमच्या एक नंबरच्या भट्टीला पिल्लं झाली!”

बबनराव म्हणजे पिरंगुटच्या त्या कारखान्याचे सुपरवायझर. ते हळू बोलले तरी शेजारच्या कंपनीतली माणसं दचकायची. मी धावत केबिनमध्ये गेलो. त्या ढेरपोट्या मॉनिटरवर भट्टी १, भट्टी १, भट्टी १… नुसती रांग! बाकीच्या पाच तळाला चेंगरलेल्या. आणि दर दोन सेकंदांनी एक पिल्लू वाढतंय.

“आमच्याकडं सहाच हायेत,” बबनराव म्हणाले. “ह्या बाकीच्या कुटं बांधल्या तेवढं दावा.”

मी करमाळ्याचा. राहायला मारुंजीत कॉट बेसिसवर, नोकरी हिंजवडीतल्या एका पिटुकल्या सॉफ्टवेअर कंपनीत, तीही प्रोबेशनवर. ह्या कारखान्यात लोखंडाचे पार्ट तापवून कडक करायचे. सहा भट्ट्यांची तापमानं एका काळ्या स्क्रीनवर दाखवायची, हे माझं काम. सहा भट्ट्या, सहा ओळी; प्रत्येक ओळीत भट्टीचा नंबर, तापमान आणि शेवटी त्या पाळीला भट्टीवर असलेल्या कामगाराचं पूर्ण नाव, इंग्रजीत. गंमत अशी की आकडा बदलला की नवीन ओळ खाली छापायची नाही, त्याच जागेवर बदलायची. त्यासाठी कर्सरला, म्हणजे त्या लुकलुकणाऱ्या रेघेला, गुपचूप ऑर्डर द्यायची: सहा ओळी वर जा. मग जुनं पुसून तिथंच नवीन लिहायचं. फळ्यावर लिहितो तसंच, फक्त डस्टर दिसत नाही.

सकाळच्या शिफ्टला सगळं मख्खन चाललं होतं. तीनला शिफ्ट बदलली आणि एक नंबर बाळंत झाली.

मी देवधर सरांना फोन लावला. देवधर सर माझे बॉस. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’नं सुरू होतं.

“बेसिकली, केबल चेक कर.”

“केली सर.”

“बेसिकली, रीस्टार्ट कर.”

“दोनदा केलं सर. पिल्लं परत होतात.”

“कसली पिल्लं? हे बघ, मी एका नव्या कस्टमरला आपली स्क्रीन दाखवायला घेऊन निघालोय. चारला पोचतो. बेसिकली, त्यांच्यासमोर स्क्रीन नाचली तर तुझं कन्फर्मेशन विसर.”

फोन कट. बेसिकली, माझी वाट लागली होती.

मी एक नंबरचा सेन्सर तपासला. एक नंबरची वायर तपासली. एक नंबरचा कोड वाचून काढला. सगळं ठणठणीत. तेवढ्यात बाहेर बबनराव गरजले, “संतोऽऽष ज्ञानोबा गोळेऽऽ, खालची आळीऽऽ!”

चार नंबरच्या भट्टीवरून एक पोरगा आला. मी विचारलं, “एवढं लांबलचक कशाला? नुसतं संतोष म्हटलं तर?”

“तर पाळी बदलताना दोगं येत्यात,” संतोष म्हणाला. “सकाळपाळीला बी संतोष ज्ञानोबा गोळेच. त्यो वरल्या आळीचा. भट्टी बी हीच.”

मला नकला करायची खाज. टेन्शनमध्ये तर जास्तच. मी छाती फुगवून बबनरावांच्या आवाजात सुरू केलं, “संतोऽऽष ज्ञानोबा गोळेऽऽ, खालचीऽऽ…” आणि आळीपर्यंत पोचायच्या आत दम संपला. केबिन हसून लोळली. बबनराव म्हणाले, “शहरात राहून फुफ्फुस बारीक झालंय. एका दमात मावंना व्हय?”

मावंना! मी स्क्रीनकडं उडी मारली. चार नंबरच्या ओळीखाली एक बेवारस इंग्रजी I एकटाच उभा होता. KHALCHI ALI मधला शेवटचा!

स्क्रीनच्या एका ओळीत ऐंशी अक्षरं मावतात. VARLI ALI कशीबशी बसायची. KHALCHI ALI चं एक अक्षर घसरून खाली पडायचं. म्हणजे माझ्या हिशोबानं ओळी सहा, पण स्क्रीनवर रांगा सात. कर्सर बिचारा सहाच वर चढायचा. सगळ्यात वरची भट्टी १ न पुसता तशीच राहायची. दुखणं चारचं, पिल्लं एकला!

“नाव कापतो,” मी म्हणालो. “आळी काढली की झालं.”

“वा!” बबनराव म्हणाले. “मंग दोन संतोषचा एक झाला. मागं ह्याची रजा त्याच्या नावावर पडली, तवा दोगांनी माझं डोस्कं खाल्लं.”

“मग वडिलांचं नाव काढू?”

“सायेब,” संतोष एकदम गंभीर झाला, “बापाला काढता व्हय?”

नाव राहिलं. मग कर्सरलाच अक्कल दिली. प्रत्येक ओळ लिहिताना ती किती रांगा खाते ते मोजायचं, आणि तेवढ्याच वर चढायचं. ऐंशीच्या पुढं गेली की दोन. प्रोग्राम चालू केला. पिल्लं गायब! संतोषनं शिट्टी मारली, मी केबिनमध्येच दोन स्टेप नाचलो, आणि दारात देवधर सर, मागं कस्टमर.

कस्टमरसाहेबांनी स्क्रीन बराच वेळ बघितली. आकडे जागच्या जागी बदलत होते. मग त्यांनी बोट ठेवलं.

“ये अकेला I क्या है?”

“बेसिकली…” देवधर सरांनी सुरुवात केली. तेवढ्यात बबनराव पुढं झाले.

“वो संतोष का है. अंदर नहीं मावता.”

साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या मशीनकडं गेले. महिनाअखेरीला मी कन्फर्म झालो.

धडा एवढाच: आपण लिहिलेली ओळ आणि स्क्रीनवरची रांग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि टेस्टिंग करताना नावाच्या जागी abc टाकू नये. abc ला आळी नसते.