हवालदारांचा गडगा

शुक्रवारी दुपारी मी मस्कतला मवालेहच्या आमच्या फ्लॅटमध्ये मासे साफ करत होते. सासूबाईंचा फोन आला. रडणं नाही, ओरडणं नाही. "शबाना, इरफानला सांग, हवालदार गडग्यापाशी पडलेत. मी हाक मारली, उठत नायत. पाण्याची बाटली नेली होती, ती तशीच भरलेली हाय..." त्या नवऱ्याला हवालदारच म्हणत. मी आणि माझा नवरा इरफान अल अमेरातला त्यांच्या घरी पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. अब्बांच्या हातांना दगडाची माती लागलेली होती. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाच्या आधी गडग्याचे निसटलेले दगड जागेवर ठेवायचे, हा त्यांचा दर शुक्रवारचा नेम. नेम पाळूनच ते गेले.

या गोष्टीला काही आठवडे झाले. सासूबाई इद्दतीत आहेत, म्हणजे नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाहीत, आणि मी त्यांच्या सोबतीला अमेरातच्या घरी राहायला आले आहे. त्यामुळे हा गडगा रोज समोर आहे. कोकणातल्या वाचकांना गडगा सांगायला नको. इतरांसाठी सांगते, दगडावर दगड नुसते बसवून घातलेलं कुंपण. ना चुना, ना सिमेंट. मस्कतच्या डोंगरामागे, वादीच्या काठावर, म्हणजे वर्षभर कोरड्या पडलेल्या नदीच्या काठावर, रत्नागिरीकडचा असा अस्सल गडगा उभा आहे आणि तो माझ्या सासऱ्यांनी एकहाती घातलेला आहे.

अब्बा लष्करात होते. एकाहत्तरच्या लढाईत उत्तरेच्या डोंगरात होते, तिथून परतले ते डाव्या कानाने बहिरे होऊन. नोकरी सुटल्यावर गावात मन रमेना, म्हणून ओमानला आले आणि एका बांधकाम कंपनीचा ट्रक चालवू लागले. दगड भरायला अमेरातकडे यायचे, तेव्हा तिथे सालिम नावाच्या ओमानी माणसाशी ओळख झाली. सालिमची वादीकाठी जमीन होती. जमीन कसली, नुसते धोंडे, आणि मचूळ पाण्याची एक विहीर. त्याचे भाऊबंद शहरात निघून गेले होते. सालिम म्हणाला, तू राहा, तू पिकव. अब्बांनी ट्रक सोडला, पत्र्याची एक खोली उभी केली आणि सुट्टीवर जाऊन बायकोला घेऊन आले.

सासूबाई हे फार रंगवून सांगतात. त्यांना वाटलं होतं मस्कत म्हणजे समुद्र, बाजार, बिल्डिंगा. उतरून बघतात तर चहूकडे दगड. शेजारपाजार नाही, डोंगरातून आजच्यासारखा रस्ता नाही. "मी इचारलं, हवालदार, घर कुठं हाय? तर म्हणतात, हे काय, तू घरातच उभी हायस." त्या दिवसापासून त्यांनी परत जायचा हट्ट धरला आणि अब्बांनी उत्तर दिलं, "पुढच्या वर्षी. इन्शाल्ला." हे उत्तर लग्न होऊन आल्यावर मीही इतक्यांदा ऐकलं की ते मला सासरच्या आडनावासारखं वाटायला लागलं.

अब्बांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर वादीच्या बाजूने गडगा घातला. कोकणी माणूस दुसरं काय करणार! जागेला गडगा नसला की त्याला झोप लागत नाही, मग ती जागा दुसऱ्याची का असेना. छान, भरीव, कुठे बोट शिरणार नाही असा गडगा. आत लिंबं लावली, खजूर लावला, बकऱ्यांसाठी लसूणघास केला. मग एके दिवशी डोंगरात कुठेतरी पाऊस झाला. इथे थेंब नाही, आणि वादी मात्र अंगावर आली. पाणी गडग्यामागे तुंबलं, चढलं, आणि सगळा गडगा एकदम घेऊन आत घुसलं. लिंबं गेली, पंप गेला, बकऱ्याही गेल्या. सासूबाई पोटुशी होत्या, खोलीच्या छपरावर बसून राहिल्या. पाणी ओसरल्यावर सालिम आला, सगळीकडे फिरून म्हणाला, "हवालदार, पानी का रास्ता तुम बंद किया. अभी रास्ता रखो, फिर बनाओ."

दुसरा कोणी असता तर खलास म्हणून गावी गेला असता. सासूबाईंनी पेटी भरलीही होती. अब्बांनी वाहून गेलेले दगड हुडकून आणले आणि पुन्हा गडगा घातला, पण या वेळी जागोजागी तळाशी हातभर रुंदीच्या वाटा सोडल्या. त्यानंतर कितीतरी वेळा वादी आली. मोठमोठी वादळं झाली, पूल वाहून गेले. पाणी या वाटांनी आत यायचं, लिंबांना गाळ देऊन निघून जायचं. दोनचार दगड निसटायचे, तेवढेच. बागेची लिंबं आम्ही अजून खातो आणि मस्कतच्या कुरुममधल्या माझ्या मैत्रिणी ती हक्काने मागून नेतात.

लढाईबद्दल ते बोलत नसत. एकदा माझ्या मुलीने, आलियाने, आजोबांना तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "दादा, तुम्ही वॉरमध्ये काय केला?"

"दगड रचले."

ती हसली. तिला वाटलं, चेष्टा. अब्बा म्हणाले, "खरंच. बर्फानं जमीन अशी कडक की कुदळ चालत नाय. मग दगड रचायचे आणि त्यामागं आडवं व्हायचं. माझ्या शेजारी खेडचा एक होता. त्याच्या बाजूचा एक दगड निसटला... बसवायला मी हात पुढं केला होता." एवढं सांगून उठले आणि गडग्याकडे गेले. त्या दिवशी शुक्रवारही नव्हता. मला तोपर्यंत हा म्हातारा हटवादी वाटायचा. त्या संध्याकाळी मला त्यांची फार माया वाटली, आणि ती कशी दाखवावी हे कळेना म्हणून मी चहा नेऊन दिला.

दरम्यान डोंगर फोडून रस्ता झाला. अमेरातला बंगले आले, शाळा आल्या, दिवे आले. गावाकडेही अब्बांनी दुमजली घर बांधलं होतं, टाइल्स, ग्रिल, सगळं. दर सुट्टीत सासूबाई ते झाडायच्या आणि कुलूप लावून परत यायच्या. त्याची किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात कायम. सालिम वारला. त्याच्या मुलाला, बदरला, जमिनीचे प्लॉट पाडायचे होते. इथे परदेशी माणसाच्या नावावर जमीन कुठली होणार? इरफान बापाला सांगून थकला की आता गावी चला. उत्तर ठरलेलं.

अब्बांना इथेच अमेरातच्या कबरस्तानात दफन केलं. तिसऱ्या दिवशी बदर आला. दाराबाहेर खुर्ची घेऊन बसला, नजर खाली. सासूबाईंना इरफानची आई म्हणून हाक मारून मनातलं त्याने सरळ सांगितलं. "उम्म इरफान, मेरा बाप बोला था, इस घर में जब तक चूल्हा जलता है, जमीन को कोई हाथ नहीं लगाएगा. मैं भी नहीं लगाएगा. आप इंडिया जाएगा, तब बुलडोजर आएगा. मैं झूठ नहीं बोलता." पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या, "बराबर है, बेटा." जन्मभर जी सुटका मागितली, ती आता त्यांच्या हातात होती. इरफानने इद्दतीनंतरच्या तिकिटांची चौकशीही सुरू केली.

गेल्या आठवड्यात वादीला थोडं पाणी आलं. काल शुक्रवार. इरफान आला, बापाची आठवण म्हणून बाह्या सारून गडग्याकडे गेला. ऑफिसात बसणारा माणूस, दगड उचलताना दोनदा कण्हला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्याने तिथूनच विचारलं, "अम्मी, तिकीट कधीचं काढू?"

त्यांनी कमरेचं जुडगं काढलं, त्यातली गावच्या घराची किल्ली नखाने ओढून सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. "माझ्या भाचीला पाठव. म्हणावं, पोरांना घेऊन राहा तिथं. बंद घर चांगलं नाय."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू." मग जुडगं परत कमरेला खोचत म्हणाल्या, "इन्शाल्ला."

तेवढ्यात त्यांचं लक्ष इरफानकडे गेलं. त्याने एक चांगला मोठा दगड तळाच्या रिकाम्या जागेत नीट बसवला होता आणि हात झटकत उभा होता. सासूबाई उंबऱ्यावरूनच ओरडल्या, "अरे, तो दगड काढ आधी! पाण्याची वाट हाय ती."