वाफेला गळती म्हणणारे

"थंडीत पोहतं कोण?" हे वाक्य आजही कानावर पडलं की माझं डोकं फिरतं.

चंद्रपूरजवळच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आम्ही राहायचो. बाबा बॉयलरवर ऑपरेटर होते. वसाहतीच्या क्लबात पोहण्याचा टँक होता आणि दुपारची वेळ बायका-मुलींसाठी राखलेली होती. माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी कॅलिपर चढवल्याशिवाय तिला उभं राहता येत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाण्यात पाय हलवू द्या, नाहीतर गुडघा आखडेल. म्हणून कॉलेजातून आले की मी तिला टँकवर न्यायची. काठावर बसून ती कॅलिपरचे पट्टे सोडायची, आणि एकदा का पाण्यात उतरली की माझ्याकडे ढुंकूनही पाहायची नाही.

दिवाळी सरली, थंडी पडली, तशा बाकीच्या पोरी येईनाशा झाल्या. ही मात्र हटून जायची. उन्हं डोक्यावर असेपर्यंत पाणी सोसवायचं. दात वाजवत बाहेर यायची, वर मलाच म्हणायची, "तू काऊन कुडकुडून राह्यली?"

पोहायला कोणी येत नाही म्हणत क्लबाने टँकमध्ये पाण्याची भर घालणं बंद केलं. उन्हाळ्यात रोज सकाळी पाइप सोडलेला असायचा, त्यामुळे किती पाणी उडून जातं ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता पाइप बंद, आणि पाणी रोज थोडं थोडं खाली. लगेच बोंब झाली, टँक गळतो!

क्लबाचे सेक्रेटरी कूलिंग टॉवरचे इंजिनिअर होते. वाफेवाटे गेलेल्या पाण्याची भरपाई करायची, हीच त्यांची नोकरी. हिवाळ्यात त्या टॉवरची पांढरी वाफ मूल गावाच्या रस्त्यावरून दिसायची. मी त्यांना गाठून म्हटलं, "साहेब, सकाळी टँकवरही तशीच वाफ असते. पाणी वर जातं, खाली नाही."

ते हसले. "अगं, टॉवरचं पाणी गरम असतं. या पाण्यात हात घालवत नाही, त्याची वाफ कसली? टँक रिकामा करून भेगा शोधाव्या लागतील. नाहीतरी थंडीत पोहतं कोण?"

"माझी बहीण रोज पोहते."

"एका मुलीसाठी काय टँक चालू ठेवायचा?"

म्हणजे आधी कोणीच नव्हतं, आणि दाखवली तर ती एकटी होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी बाबांवर उखडले. "तुमी तं वाफेतच राह्यता. तुमी सांगा ना सायबाले."

"सायबाले म्या सांगू?" बाबा म्हणाले आणि ताटात पाहून जेवत राहिले. त्या दिवशी मला साहेबांपेक्षा बाबांचा राग जास्त आला.

टँक रिकामा झाला. मंडळी आत उतरली, भिंती ठोकून पाहिल्या, भेग कुठेच सापडली नाही. दुखणं हेल्याला आणि इंजेक्शन पखालीला! उलट पाण्याचं वजन गेलं तशी जमिनीतली ओल खालून तळ रेटू लागली आणि धड असलेल्या फरश्या फुगून उखडल्या. आता टँक खरोखरच नादुरुस्त झाला. गेटला कुलूप लागलं.

घरी मी तिचा पाय चोळायची, वाकवायची, तेल लावायची. पण पाण्यात जो पाय आपणहून हलायचा तो खाटेवर लाकडासारखा पडून राहायचा. हिवाळा संपेपर्यंत गुडघा आखडला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि जास्त वजनाचा कॅलिपर लिहून दिला.

साहेबांची मुलं सुट्टीत घरी यायच्या बेताला टँक पुन्हा उघडला. निळ्या टाइल्स, नवा रंग, नारळ फुटला. बहीण तिचा पोहायचा फ्रॉक पिशवीत घेऊन माझ्याआधी तयार होती. आम्ही काठाकडे निघालो तोच सेक्रेटरी आडवे आले. आवाज अगदी गोड होता.

"बेटा, कॅलिपर घालून काठावर नको हं. नव्या टाइल्सना चरे पडतात. ताई उचलून नेईल तुला, त्यात काय!"

सगळा क्लब बघत होता. मी खाली वाकले. तिने माझा हात झिडकारला आणि ती वळली. मी साहेबांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते नुसते माझ्या चपलांकडे आणि आपल्या टाइल्सकडे बघत होते.

गेटबाहेर मी तिला गाठलं. म्हटलं, "चाल ना, म्या नेतो उचलून. एवढा काऊन राग?"

ती थांबली नाही.

"पान्यातच तं मले कोनी उचलत नवतं, ताई."