अजून एक खेप

आमच्या साडूला साइटवर सगळे घार म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं, तो साडू व्हायच्याही आधी. तो वर टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये आणि मी खाली वॉकीटॉकी घेऊन त्याला इशारे देणारा. वरून त्याला सगळं दिसायचं, पण भिंतीपलीकडचं दिसायचं नाही. तिथे माझे डोळे. "घार, डावीकडे घे. सोड. अजून सोड. बस." निम्मं आयुष्य आम्ही दोघं एवढंच बोललो. पुढे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघत होते तेव्हा मी म्हणालो, माणूस हट्टी आहे, पण हात हलका आहे. लग्न झालं. हात हलका असल्याचा मेहुणीला कधी उपयोग झाला की नाही माहीत नाही, हट्ट मात्र तिच्या वाट्याला पुरेपूर आला.

साइटवर घारीची ख्याती एकाच गोष्टीची होती. सकाळी शिडी चढला की जेवणाचा भोंगा होईपर्यंत तो उतरायचा नाही, आणि जेवून चढला की थेट सुटीलाच खाली. क्रेन थांबली की खालची माणसं हाताची घडी घालून उभी राहतात, काँक्रीट घट्ट व्हायला लागतं आणि फोरमनच्या तोंडाचा पट्टा सुटतो. बाकीचे क्रेनवाले रिकामी बाटली घेऊन वर जायचे. याला ते पटायचं नाही. "केबिन आहे ती, मोरी नाही," म्हणायचा. मग करायचा काय, तर पाणीच प्यायचा नाही, आणि तरी लागली तर दाबून धरायचा. मी खालून विचारायचो, "घार, उतरतोस का?" वरून ठरलेलं उत्तर यायचं. "अजून एक खेप."

फोरमन येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं उदाहरण द्यायचा. "याला म्हणतात क्रेनवाला. एकदा चढला की चढला." घार मान खाली घालून हसायचा. माणसाला कशाचा अभिमान वाटेल काही सांगता येत नाही. याला लघवी दाबून धरण्याचा होता.

साठीच्या अलीकडे त्याची लक्षणं बिघडली. एक दिवस मेहुणी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी यांना सांगा. मोरीत जातात ते बाहेर येतच नाहीत. मी हाक मारली की खेकसतात. आणि बाहेर आले की पुन्हा पाच मिनिटांनी आत." मी घारीला विचारलं तर म्हणाला, "वय झालं, दुसरं काय. तुझ्यासारखं टक्कल पडण्यापेक्षा हे बरं." पण तिनं त्याला सोडलं नाही. रडून, भांडून, शेवटी अबोला धरून तिनं त्याला डॉक्टरकडे जायला तयार केलं. सोबत मी गेलो, कारण बायको बरोबर असताना हा डॉक्टरला काही सांगणार नाही हे मला ठाऊक होतं.

डॉक्टर शांत माणूस होता. कागदावर चित्र काढून त्यानं समजावलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, उतारवयात ती वाढते आणि वाट आवळते. गोळ्या आहेत, पण ग्रंथी फार वाढली असेल तर लेझरनं ऑपरेशन करता येतं. पोट कापायचं नाही, टाके नाहीत, लघवीच्याच वाटेनं आत जाऊन अडणारा भाग काढायचा. रक्त कमी जातं, नळी एक-दोन दिवसांत निघते. "पण आधी एक चाचणी करू. धार किती जोराची आहे आणि आत किती उरते, त्यावर ठरवू."

घारीनं एकच प्रश्न विचारला. "परत शिडी कधी चढता येईल?"

"महिना-दीड महिना वजन उचलायचं नाही, चढउतार नाही."

आम्ही बांधत होतो त्या टॉवरचे वरचे मजले तेव्हा बाकी होते. घारीच्या कपाळावरची आठी मला दिसली, पण तिचा अर्थ तेव्हा लागला नाही.

चाचणी म्हणजे एका खोलीत एकट्यानं जाऊन यंत्राला लावलेल्या नरसाळ्यात लघवी करायची. यंत्र धारेचा आलेख काढतं. घार बाहेर आला तो खुशीत. आलेख बरा निघाला, नंतरच्या सोनोग्राफीत आतही फारसं उरलेलं दिसलं नाही. डॉक्टरनं पुन्हा कागद पाहिला, पुन्हा घारीकडे पाहिलं, आणि म्हणाला, मग सध्या गोळ्यांवर ठेवू, तीन महिन्यांनी दाखवा.

बाहेर रस्त्यावर आल्यावर घारीनं मला कोपर मारलं. "यंत्राला फसवलं," म्हणाला. साइटवर त्यानं एक युक्ती शोधून काढली होती. पुढे वाकायचं, पोटाशी मूठ धरायची आणि सगळ्या अंगाचा जोर देऊन कुंथायचं, म्हणजे उतरल्यावर धार पटकन सुटते. तेच त्यानं तिथे केलं. सोनोग्राफीच्या आधीही गपचूप संडासात जाऊन दोनदा तसंच करून आला. कामावर दरवर्षी तब्येतीची तपासणी व्हायची, ती पास होण्याची सवय लागलेला माणूस. डॉक्टरची चाचणीही त्यानं पास केली.

माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, ती काय परीक्षा होती? कुणाला फसवलंस?" तो हसतच होता. मी घरी जाऊन मेहुणीला सगळं सांगितलं. तिनं घर डोक्यावर घेतलं. त्यानं तिला वचन दिलं, टॉवर पूर्ण झाला की लगेच ऑपरेशन. टॉवर पूर्ण झाला. शेजारी दुसरा सुरू झाला. गोळ्या संपल्या त्या संपल्याच.

मग एका दुपारी सळयांची मोळी मध्येच थांबली. मी हाका मारतोय आणि वरून नुसता श्वास. मग हळूहळू मोळी खाली आली, अगदी खुणेच्या जागी टेकली, हूक वर गेला. त्यानंतर घार शिडीवर दिसला. एकेक पायरी, पोट धरून. खाली आला तेव्हा चेहरा ओला होता आणि पोट मडक्यासारखं टणक. सकाळपासून थेंबही बाहेर पडला नव्हता.

इस्पितळात नळी घातली तेव्हा पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. मूत्रपिंडांना सूज आली होती. ती उतरल्यावर लेझरचं ऑपरेशन झालं, आणि ते अगदी छान झालं, हे मला मुद्दाम सांगायचंय. डॉक्टरनं काही कसर ठेवली नाही. घार दुसऱ्या दिवशी उठून बसला, चहा मागितला, मेहुणीची थट्टाही केली.

मग नळी काढली. घार संडासात जाऊन बसला. नळ सोडला, पुढे वाकला, मूठ धरली. आम्ही बाहेर उभे. बराच वेळ नुसता नळाचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "होत नाही रे." नळी पुन्हा घातली.

डॉक्टर म्हणाला, वाट मोकळी झाली आहे, पण मूत्राशयात बळ उरलेलं नाही. वर्षानुवर्षं ताणून ताणून चड्डीचं इलॅस्टिक जातं तसं ते सैल पडलं आहे. थोडे दिवस वाट पाहू. मग त्यानं विचारलं, "त्या चाचणीत तुमची धार बरी कशी होती?" मेहुणीनं पदरात तोंड लपवलं.

वाट पाहिली. पुन्हा नळी काढली, पुन्हा घातली. स्वतःच्या हातानं वेळोवेळी नळी घालायला शिकवलं, तर ताप यायला लागला. शेवटी कायमची नळी राहिली. पिशवी पायाला बांधलेली, वरून पँट. कामावरच्या डॉक्टरनं शिडी चढायला साफ नकार दिला. घार दिवसभर खिडकीत बसायचा. तिथून आमच्या क्रेनचा नुसता शेंडा दिसतो. मेहुणी म्हणायची, "भाऊजी, माणूस जिवंत आहे म्हणून मी देवाचे आभार मानते. पण तो आहे कुठे?" मला त्याचा इतका राग यायचा की त्याच्याशेजारी बसवत नसे, आणि न बसून करमत नसे.

गेल्या आठवड्यात तो केबिनमधली आपली उशी न्यायला साइटवर आला. मीच धरून आणलं. नवा क्रेनवाला दोन लेकरांचा बाप आहे, साधा माणूस, दिवसातून दोन-तीनदा उतरतो. फोरमननं त्याला हाक मारली. "हा बघ, घार म्हणतात तो हाच. सकाळी चढला की भोंग्यालाच उतरायचा. शीक जरा."

फोरमनला पिशवीचं काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "घार, पँट वर कर. दाखव यांना."

घारीनं पँटला हात लावला नाही. कितीतरी महिन्यांनी त्याची पाठ ताठ झाली होती. नव्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "सवयीनं जमतं."

दुसऱ्या दिवशी चहाला मी त्या क्रेनवाल्याला सगळं सांगितलं. नळी, पिशवी, ताप, खिडकी. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "पण काका तर स्वतःच म्हणाले."

काल स्लॅब टाकायचा होता. सकाळपासून नवा क्रेनवाला उतरला नव्हता. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरून विचारलं, "उतरतोस का? थांबू देत सगळे, तू उतर."

खरखर झाली. मग वरून आवाज आला, "अजून एक खेप."